कुर्बान हुसेन : सोलापूरचा तरुण संपादक आणि येरवड्याचा फास

१२ जानेवारी म्हटलं की आपल्याकडच्या शाळांत टेबलावर दोन तसबिरी येतात. एक राजमाता जिजाऊंची, दुसरी स्वामी विवेकानंदांची. आमच्या पाली-वेल्हे भागात तर जिजाऊंची जयंती घरचीच, कारण आमची गावं राजगडाच्या पायथ्याला. हार घातला जातो, दोन-तीन भाषणं होतात, मुलं घोषणा देतात आणि वर्ग सुरू होतात. याच तारखेला, १९३१ साली, पालीपासून पन्नास-साठ किलोमीटरवर येरवड्याच्या तुरुंगात चार माणसं फासावर चढवली गेली, हे मात्र फार थोड्या शाळांत सांगितलं जातं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चौघेही सोलापूरचे. सोलापुरात ही नावं लहान पोरालाही पाठ असतात. सोलापूरची वेस ओलांडली की मोठ्या माणसांनाही आठवत नाहीत.

आपल्या घरांत अशफाकउल्ला खान यांचं नाव माहीत असतं. १९ डिसेंबर १९२७ ला फैजाबादला त्यांना फाशी झाली, आणि ते सांगणारी पुस्तकं उर्दूत, हिंदीत, मराठीतही आहेत. पण आपल्याच महाराष्ट्राचा, आपल्याच जिल्ह्यात फाशी गेलेला कुर्बान हुसेन आपण विसरलो. म्हणून आज त्याच्याविषयी लिहितो आहोत. त्याच्या निमित्ताने फाशी या शिक्षेचा प्रश्नही आपोआप समोर येतो. तो टाळून या माणसाची गोष्ट पुरी होत नाही.

कुर्बान हुसेनचा जन्म १९१० चा, सोलापूरचा. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं शहर. मोरारजी गोकुळदासांनी १८७७ साली काढलेली गिरणी, जिला सोलापूरकर अजून जुनी गिरणी म्हणतात, तिच्या भोंग्यावर शहर उठायचं आणि झोपायचं. पुढे आणखी गिरण्या आल्या. कामाला माणसं येत गेली ती चारी दिशांनी. कानडी बोलणारे लिंगायत, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, मराठा, दलित, मारवाडी व्यापारी आणि दखनी-उर्दू बोलणारे मुसलमान. एका गल्लीत चार भाषा. ज्यांनी सोलापूरचा बाजार पाहिला आहे त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको, भाजीवालासुद्धा गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. कुर्बान हुसेन अशा गावात वाढला. त्याला हिंदू-मुस्लिम ऐक्य पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

गिरणी कामगारांत तो काम करू लागला. भाषण करायचा, माणसं जोडायचा. आणि ज्या वयात आपली मुलं कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतात त्या वयात त्याने वर्तमानपत्र काढलं. त्याचं नाव गझनफर. अरबीत गझनफर म्हणजे सिंह. नाव बघूनच पोराची हिंमत कळते. त्या काळी छोट्या गावातलं वर्तमानपत्र म्हणजे एक खोली, उसना छापखाना आणि कागदाची उधारी. संपादकच लेखक, संपादकच वसुलीला फिरणारा. गझनफरने परदेशी राजवटीविरुद्ध लिहिलं आणि हिंदू-मुसलमानांनी एकत्र यावं म्हणून लिहिलं. एप्रिल १९३० च्या अखेरीस सरकारने छापखान्यांकडून जामीनकी मागण्याचा वटहुकूम काढला होता. म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार होतीच. मालदार संपादक जामीन भरून मोकळा होई. कामगारांच्या पैशावर चालणाऱ्या वर्तमानपत्राला ते कुठून जमणार?

१९३० चं वर्ष सगळ्या देशाला ढवळून काढणारं. एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. त्याच महिन्यात सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला. असं करणाऱ्या देशातल्या पहिल्या नगरपालिकांत सोलापूरचं नाव घेतलं जातं, आणि सोलापूरकर ते अभिमानाने सांगतात. ५ मे रोजी पहाटेच्या अंधारात गांधीजींना गुजरातेत कराडी गावी पकडून येरवड्याला आणलं. बातमी पोचताच सोलापुरात हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या. गिरणी बंद म्हणजे हजारो माणसं रस्त्यावर.

८ मे ला लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. दारूबंदी हा त्या चळवळीचा भाग होता. शिंदीपासून दारू होते आणि तिच्यातून सरकारला महसूल मिळतो, म्हणून झाडं तोडणं म्हणजे सरकारच्या तिजोरीवर घाव. पोलिसांनी माणसं पकडली, जमाव वाढला, दगड पडले, कलेक्टर नाइट फौजफाट्यासह हजर झाले. मल्लप्पा धनशेट्टी यांनी जमावाला शांत करायचा प्रयत्न केला, असं त्या दिवसाच्या हकिकतींत येतं. मग गोळीबार झाला. शंकर शिवदारे नावाचा तरुण झेंडा हातात असताना गोळी लागून पडला. आणखीही माणसं पडली.

त्यानंतर जे झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण आपण शहिदांची गोष्ट सांगताना हा भाग गाळतो. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी गाठली. पोलीस मारले गेले. कोर्टाची इमारत जाळली गेली. मारले गेलेले शिपाई इंग्रज नव्हते, आपल्यातलेच होते, पगारावर नोकरी करणारे. त्यांच्याही घरी त्या रात्री कोणी वाट बघत बसलं असेल. चौकात त्यांचा पुतळा नाही आणि त्यांची नावंही कोणी घेत नाही. कुर्बान हुसेनवर प्रेम करणाऱ्यांनी त्यांना विसरावं असं आम्हाला वाटत नाही.

९, १० आणि ११ मे, हे तीन दिवस सोलापुरात इंग्रज सरकार नावाला उरलं नाही. अंमलदार माघारी गेले होते, रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. १२ मे ला लष्कर शहरात आलं आणि मार्शल लॉ पुकारला गेला. व्हाइसरॉयने सोलापूरसाठी खास वटहुकूम काढला. गांधी टोपी घालणं गुन्हा ठरला. सैनिक बंदुकीच्या टोकाने लोकांच्या डोक्यावरच्या टोप्या उडवायचे. पालिकेवरचा झेंडा उतरवला गेला. रामकृष्ण जाजूंसारख्या पुढाऱ्यांना जबर शिक्षा झाल्या, तुळशीदास जाधवांच्या छातीवर बंदूक रोखली गेली. ३० जूनपर्यंत हे चाललं. हिंदुस्थानच्या एका शहरात एकोणपन्नास दिवस लष्कराचा कायदा.

याच काळात पकडापकडी झाली आणि पोलिसांच्या खुनाचा खटला उभा राहिला. आरोपींत कुर्बान हुसेन, धनशेट्टी, शिंदे आणि सारडा होते. एक वर्तमानपत्रवाला, एक कानडी बोलणारा लिंगायत, एक मराठा कार्यकर्ता, एक मारवाडी व्यापारी. चौघेही चळवळीतले ओळखीचे चेहरे.

इथे जरा थांबावं लागेल. जमावाच्या हातून खून झाला की प्रत्यक्ष वार कोणी केला हे सिद्ध करणं फार कठीण असतं. हजारोंच्या गर्दीत, धुरात, पळापळीत कोण कुठे उभा होता हे महिन्यांनंतर साक्षीदार सांगतो. आणि साक्षीदाराला कोण आठवतो? ज्याचं तोंड आधीपासून माहीत आहे तो. सभेत भाषण करणारा, मोर्च्यात पुढे चालणारा, वर्तमानपत्रावर ज्याचं नाव छापलेलं असतं तो. मागच्या रांगेतल्या निनावी माणसाला कोणी ओळखत नाही. सोलापूरकरांची तेव्हापासून आजपर्यंत पक्की समजूत आहे की या चौघांना खुनासाठी नव्हे, पुढारीपणासाठी निवडलं गेलं.

शिवाय तेव्हाचा कायदा कसा होता तेही बघा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६७ च्या पाचव्या पोटकलमात लिहिलं होतं की, ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर का दिली नाही याची कारणं निकालपत्रात नोंदवावीत. फाशी दिली तर कारण द्यायची गरज नाही. म्हणजे खुनाला फाशी हा नियम, जन्मठेप हा अपवाद. न्यायाधीशाची लेखणी फाशीकडे आपोआप वळावी अशीच ती वाट होती. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नसे, ही एक पायरी मध्ये होती. मुंबई हायकोर्टाने शेवटी चौघांची शिक्षा कायम केली. दयेचे अर्ज झाले, लोकांनी विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही.

चौघांना येरवड्याला आणलं. हा तुरुंग फाशीला नवा नव्हता. रँडच्या खुनाबद्दल दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे चापेकर बंधू १८९८-९९ मध्ये इथेच फाशी गेले होते. आणि १९३१ च्या त्या जानेवारीत याच तुरुंगात दुसरा एक कैदी होता, मोहनदास करमचंद गांधी. ज्याच्या अटकेमुळे सोलापूर पेटलं, तो माणूस त्याच भिंतींच्या आत होता तेव्हा १२ जानेवारीला या चौघांना फाशी दिली गेली. चौदा दिवसांनी, २६ जानेवारीला, गांधीजींची सुटका झाली. ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला आणि कैदी सुटू लागले. दोन महिने आधी हे झालं असतं तर, असा विचार मनात येतोच. अर्थात तो करार खुनाच्या आरोपाखालच्या कैद्यांना लागू नव्हता, भगतसिंग, राजगुरू, सुखदेव त्याने वाचले नाहीत. त्यांना २३ मार्चला लाहोरला फाशी झाली. सोलापूरच्या चौघांनंतर बरोबर सत्तर दिवसांनी. त्या मोठ्या दुःखाखाली हे आधीचं दुःख दबून गेलं, आणि आमच्या मते सोलापूरच्या बाहेर ही नावं पुसट होण्याचं एक कारण हेच आहे.

कुर्बान हुसेनचं वय तेव्हा वीस-एकवीस. आपल्या घरातल्या वीस वर्षांच्या मुलाकडे बघा म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या मातीतही फाशीची एक गोष्ट आहे. राजे उमाजी नाईक. पुरंदरच्या भिवडीचा हा रामोशी वीर इंग्रजांशी वर्षानुवर्षं झुंजला आणि शेवटी फितुरीने सापडला तो भोरजवळच्या उत्रोळीत, डिसेंबर १८३१ मध्ये. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्याला फाशी दिली. लोकांना दहशत बसावी म्हणून प्रेत झाडाला टांगून ठेवलं होतं, असं सांगतात. नव्याण्णव वर्षांनी कुर्बान हुसेनची फाशी झाली ती भिंतीआड. तेवढा बदल झाला होता. पण हेतू तोच, बाहेरच्यांनी ऐकून घाबरावं. लोक घाबरले का? उमाजीनंतर वासुदेव बळवंत झाले, चापेकर झाले, सोलापूर झालं. आज उमाजी नाईकांची जयंती सरकारी कार्यालयांत साजरी होते. ज्याला एका सरकारने दरोडेखोर म्हणून लटकवलं त्याच्या तसबिरीला पुढचं सरकार हार घालतं.

याच भोर तालुक्यातलं रांझे गाव. तिथल्या पाटलाने बाईवर अत्याचार केला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडले, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक मूल सांगतं. हल्ली बलात्काराची बातमी आली की मोबाइलवर याच शिक्षेची मागणी फिरते, त्यापाठोपाठ फाशीची, भर चौकात फाशीची. आपल्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवरही फिरते. आम्ही त्या रागाला नावं ठेवत नाही. मुलीच्या आईबापांना जाऊन माफीचं तत्त्वज्ञान सांगायची आमची हिंमत नाही. उमाजी आणि कुर्बान हुसेन देशासाठी गेले, त्यांची उदाहरणं देऊन खऱ्या खुन्याचा, नराधमाचा प्रश्न सुटत नाही, हेही मान्य. पण एक विचारावंसं वाटतं. चौकातला दोर जेव्हा मागतो तेव्हा तो कोणाच्या गळ्यात पडेल हे आपल्या हातात असतं का?

आपल्यापैकी बरेचजण म्हणतील की इस्लाममध्ये तर किसास आहे, मग मुसलमानाने फाशीविरुद्ध कसं बोलावं? बरोबर आहे, किसास आहे. पण त्याच सूरह बकरातल्या १७८ व्या आयतीत मरणाऱ्याच्या वारसाला माफ करण्याचा किंवा दियत घेण्याचा दरवाजाही उघडा ठेवला आहे, आणि त्याला रब्बची रहमत आणि सवलत म्हटलं आहे. माफीचा हक्क ज्याचं घर उजाडलं त्याच्या हातात. आपल्या देशातल्या कायद्यात मरणाऱ्याचे वारस बाजूला असतात, माफी राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या सहीने होते. दुसरं म्हणजे फिकहचा जुना कायदा, शंका आली की हद्दची सजा टाळावी. काजीची चूक माफ करण्यात झाली तर ती सजा देण्यातल्या चुकीपेक्षा बरी, ही समज आपल्या उलमांनी शतकानुशतकं जपली. आम्ही आलिम नाही, शाळेत शिकवणारे आहोत, फतवा देण्याचं आमचं काम नाही. मात्र सोलापूरच्या त्या गर्दीतल्या साक्षींना हा शंकेचा निकष लावला असता तर किती टिकल्या असत्या, एवढं विचारायला आलिम असावं लागत नाही. आज मुस्लिम देशांचंही एकमत नाही. सौदी अरबस्तान आणि इराणमध्ये फाशीचं प्रमाण मोठं आहे. तुर्कस्तानने २००४ मध्ये ती शिक्षा पूर्ण रद्द केली.

कुर्बान हुसेन गेला त्याच वर्षी हा प्रश्न देशात उघडपणे मांडला गेला. १९३१ मध्ये बिहारचे गया प्रसाद सिंह यांनी केंद्रीय विधानसभेत फाशी रद्द करण्याचं विधेयक आणायचा प्रयत्न केला. सरकारने ते मोडून काढलं. मार्चमध्ये कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला होता. ऑगस्टमध्ये मुंबईत महासमितीने त्याला जे सुधारित रूप दिलं त्यात देहान्त शिक्षा असू नये असं स्पष्ट कलम होतं. म्हणजे स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी स्वतःला घातलेली अट ती.

मग स्वातंत्र्य आलं. १९४८ साली घटना समितीत एका सदस्याने दुरुस्ती सुचवली, हिंसक राजद्रोह सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांसाठी फाशी बंद करावी. हा सदस्य म्हणजे संयुक्त प्रांतातून आलेले, मुस्लिम लीगचे झेड. एच. लारी. आपल्या वाचकांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलं असेल? दुरुस्ती फेटाळली गेली. लारी पुढे पाकिस्तानात गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचं भाषणही विस्मरणात गेलं. ३ जून १९४९ ला सुप्रीम कोर्टाकडे फौजदारी अपील जावं का, यावर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला कल फाशी पूर्ण रद्द करण्याकडे असल्याचं सांगितलं. या देशात अहिंसेची परंपरा जुनी आहे आणि लोक ती पाळत नसले तरी मानतात, तेव्हा ही शिक्षाच नको, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तरीही फाशी राहिली. ज्या दंड संहितेच्या ३०२ कलमाने इंग्रजांनी आपली माणसं लटकवली ते कलम तसंच राहिलं.

कायदा बदलला तो हळूहळू. फाशी न देण्याची कारणं लिहिण्याची ती जुनी सक्ती १९५५ च्या दुरुस्तीने गेली. १९७३ च्या नव्या संहितेने गणित उलटं केलं, आता फाशी द्यायची तर खास कारणं लिहावी लागतात. ९ मे १९८० ला बचनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यायची, असा दंडक घातला. पाचपैकी एका न्यायाधीशांचं, पी. एन. भगवतींचं मत वेगळं पडलं. जीव वाचणं न वाचणं हे कोणत्या न्यायाधीशांसमोर खटला येतो यावर ठरत असेल तर ते समानतेत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये कायदा आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे सोडून फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फाशी आहे.

आता कोण जातं फासाकडे ते बघू. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये अहवाल काढला. सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे. ७६ टक्के मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्याक. श्रीमंताला फाशी झाल्याचं आम्हाला तरी चटकन आठवत नाही.

आणि चुका. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एक भयंकर गुन्हा घडला, त्यात भटक्या जमातीचे सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावलं. सोळा वर्षं गेली होती. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला. मधल्या दहा वर्षांत कधी फास आवळला असता तर ते पाच लाख कोणाला देणार होते? अक्षरधाम खटल्यात १६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सहा मुसलमानांना निर्दोष सोडलं, त्यात तिघांना फाशी झालेली होती. आणि अगदी अलीकडचं, ११ जुलै २००६ चे मुंबईच्या लोकलमधले स्फोट. १८० हून अधिक माणसं मेली, त्यांच्या घरच्यांना अजून न्याय मिळायचा आहे. विशेष कोर्टाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. फाशीच्या पाचांपैकी एकजण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता, त्याची सुटका ऐकायला तो उरला नव्हता. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे. हायकोर्टाचा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला कोर्टाने मनाई केली, सुटलेल्यांना परत आत मात्र पाठवलं नाही.

१९३१ च्या आणि आजच्या कोर्टाची बरोबरी आम्ही करत नाही. तेव्हा परक्याचं राज्य होतं, आज आपली घटना आहे, सुप्रीम कोर्ट आहे, चूक झाली तर ती कबूल करून दुरुस्त करणारे न्यायाधीश आहेत. वरची तिन्ही प्रकरणं त्याचीच साक्ष देतात. पण दुरुस्त करायला माणूस जिवंत असावा लागतो. कुर्बान हुसेनचा खटला आज कोणी पुन्हा उघडला आणि तो चौकीजवळ नव्हताच असं ठरलं, तरी त्याला ते कोण सांगणार?

येरवड्याचा फास अजून आहे. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच ठिकाणी, येरवडा आणि नागपूर. जोशी-अभ्यंकर खून खटल्यातले चौघे १९८३ मध्ये, जनरल वैद्यांचे मारेकरी १९९२ मध्ये आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला अजमल कसाब, ही सगळी येरवड्याची. कसाबच्या वेळी देशातल्या मुसलमानांनी त्याच्यासाठी अश्रू ढाळले नाहीत, उलट मुंबईतल्या कब्रस्तानाने २६/११ च्या हल्लेखोरांना दफनाला जागा द्यायला नकार दिला होता. एकाच जागेवर कुर्बान हुसेन आणि कसाब. दोघांच्या कर्मात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दोर हे अंतर मोजत नाही, ते न्यायाधीशाला मोजावं लागतं, आणि न्यायाधीश माणूस असतो.

सोलापूरने आपल्या चौघांना वेगळं केलं नाही. चार हुतात्म्यांचे पुतळे शहरात एकत्र उभे आहेत, धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन, चौघे एका रांगेत. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं होतात, लग्नाच्या हॉलसारखी तिथे गर्दी असते. १२ जानेवारीला फुलं वाहायला सगळ्या पक्षांचे, सगळ्या जमातींचे लोक येतात. दंगलीच्या बातम्या असलेल्या वर्षांतही येतात, हे विशेष. आपल्या लोकांनी त्या दिवशी तिथे जास्त संख्येने दिसावं, मरहूमसाठी फातिहा पढावी आणि आपल्या मुलांना बरोबर न्यावं, एवढी आमची विनंती. तिथल्या शाळांत त्याच्यावर निबंध लिहून घेतात. आपल्या भागातल्या उर्दू शाळांतही ते करता येईल. जिजाऊ आणि विवेकानंदांच्या तसबिरींशेजारी चौथाई टेबल तरी रिकामं असतंच.

पुण्याहून सोलापूरला जायचं तर आपल्यातले बहुतेक जण रेल्वेने जातात. लग्न असेल, उरूस असेल, चादरी आणायच्या असतील. त्या गाडीचं नाव हुतात्मा एक्सप्रेस. ती ज्यांच्या नावाने धावते ते हे चौघे.